घरातला डीबी (वीज वाटपाचा बोर्ड) हलवताना: जुना बोर्ड सगळ्यात शेवटी काढा

"डीबी फक्त पंधरा-वीस फूट सरकवायचाय. अर्ध्या दिवसाचं काम असेल ना?" असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, भिंत फोडली का? उत्तर बहुतेक वेळा "हो, गवंडी सकाळपासून लागलाय" असंच येतं. तिथे गेल्यावर जुना डीबी तारांना लोंबकळत असतो. कुठली तार कुठली, हे कोणालाच माहीत नसतं, आणि नवीन पेटी अजून दुकानातून आलेली नसते. पुढचे चार दिवस ते घर शेजाऱ्यांकडून ओढलेल्या एक्स्टेंशनवर चालतं.

चूक कामाच्या क्रमात असते. यादी, नवीन जागा, नवीन पाईप, नवीन तारा, नवीन पेटी, चाचणी आणि मग जुना बोर्ड, असा क्रम हवा. लोक नेमकं शेवटून सुरू करतात.

खाली एक नेहमीचं उदाहरण धरून चाललोय. पुण्यातली नव्वदच्या दशकातली इमारत, दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट, सिंगल फेज. डीबी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर आहे. ती भिंत काढून ओपन किचन करायचंय, म्हणून डीबी पॅसेजमध्ये, साधारण सात मीटर पुढे न्यायचा आहे. बंगला, चाळ किंवा कोकणातलं चिऱ्याचं घर असेल तर तपशील बदलतील, क्रम हाच राहील.

आणि हे वाचून स्वतः पेचकस उचलू नका. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं सोडलं तर घरच्या वायरिंगमधला फेरबदल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचा, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा सुरक्षा नियम आहे. हा लेख काम करून घेणाऱ्या घरमालकासाठी आहे. वायरमन काय करतोय, कुठल्या टप्प्यावर तुम्ही थांबवून काय विचारायचं, ते कळावं म्हणून.

टप्पा १: हद्द कुठे संपते ते ठरवा

खांबापासून किंवा फीडर पिलरपासून (रस्त्याकडेची वीज वाटपाची पेटी) मीटरपर्यंतची सर्व्हिस केबल, मीटर आणि त्याची सीलं वीज कंपनीच्या अखत्यारीत. मीटरनंतरचा मेन स्विच आणि तिथून घरापर्यंत येणारी मेन तार तुमची. डीबी घरातल्या घरात हलतोय आणि मीटर जागेवरच आहे, तर कंपनीकडे फारसं काम नसतं. पण मीटरच हलवायचा असेल, सर्व्हिस केबल आड येत असेल किंवा नवीन एसी-गिझर जोडून मंजूर भार वाढणार असेल, तर आधी महावितरणकडे (मुंबईत तुमची जी कंपनी असेल तिच्याकडे) अर्ज करा. मीटरशी किंवा सीलशी छेडछाड विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीत मोडू शकते. "सील काय, दोन मिनिटांत काढतो" म्हणणारा वायरमन त्याच दिवशी बदला.

सोसायटीत मीटर रूममध्ये काम असेल तर सेक्रेटरींना लेखी कळवा. ही नुसती औपचारिकता नाही. का, ते सातव्या टप्प्यात येईल.

टप्पा २: नवीन जागा निवडा

इंटिरिअरवाला म्हणतो, "डीबी दिसायला नको." मग तो कपाटात, शू-रॅकमध्ये किंवा दाराच्या मागे जातो. रात्री दोनला एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारं बटण) पडली, घरात अंधार, आणि आजींना साड्यांचे गठ्ठे बाजूला करून बटण शोधायचंय, असा विचार करून जागा निवडा.

- पेटीची वरची कड जमिनीपासून पाच ते साडेपाच फुटांवर असावी. स्टुलावर न चढता हात पोचला पाहिजे.
- समोर माणूस नीट उभा राहील एवढी, सुमारे एक मीटर मोकळी जागा हवी.
- बाथरूममध्ये, सिंकच्या वर, गॅसच्या शेगडीजवळ किंवा कपाटाच्या आत नको.
- बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पश्चिमेची बाहेरची भिंतही टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ओल उतरते आणि पेटीच्या मागे साचते.
- भिंतीची जाडी मोजा. भिंतीत बसणाऱ्या पेटीला तीन ते चार इंच खोली लागते. चार इंची भिंतीत तेवढं खोदलं तर पलीकडचं प्लास्टर हातात येतं. तिथे भिंतीवर बसणारी पेटी घ्या.

सावधान: कॉलम किंवा बीम असेल तर तिथे कटर लावायचाच नाही, पेटीसाठीही नाही आणि पाईपसाठीही नाही. ठोकून पाहा. पोकळ आवाज न येता टणक, ठाम आवाज आला आणि छिन्नी उडाली, तर थांबा आणि इमारतीचा नकाशा मागवा.

टप्पा ३: प्रत्येक सर्किट ओळखा

या टप्प्याला अर्धा दिवस द्या. बहुतेक ठिकाणी याला दहा मिनिटंही मिळत नाहीत आणि पुढची सगळी रड इथूनच सुरू होते.

सगळं चालू असताना एकेक एमसीबी बंद करा आणि घरभर फिरा. काय बंद पडलं ते वहीत लिहा. आपल्या उदाहरणात आठ एमसीबी आहेत. पहिल्यावर हॉलचे दिवे-पंखे, दुसऱ्यावर बेडरूम, तिसऱ्यावर स्वयंपाकघरातला पॉवर पॉइंट, चौथ्यावर गिझर, पाचव्यावर एसी... आणि सहाव्यावर फक्त बाल्कनीतला एक दिवा आणि दारावरची बेल. असं एखादं विचित्र सर्किट प्रत्येक घरात असतंच. ते लिहून ठेवलं नाही तर भिंत बुजवल्यावर बेल का वाजत नाही हे शोधत बसाल.

फेज (वीज आणणारी तार) अशी सापडते. खरी गोम न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत आहे. जुन्या डीबीत आठही न्यूट्रल एकाच पितळी लिंकवर (जोडपट्टीवर) घट्ट बसवलेले असतात, आणि कुठला न्यूट्रल कुठल्या फेजचा, याची नोंद नसते. जुन्या बोर्डाला आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारं यंत्र) नव्हती, म्हणून ते चालून जात होतं. नवीन बोर्डात दोन आरसीसीबी असतील आणि एकीच्या फेजचा न्यूट्रल दुसरीच्या लिंकवर गेला, तर त्या सर्किटवर काहीही चालू केलं की दोन्ही पडतील.

जोडी शोधायची रीत अशी. मेन बंद करून पुरवठा नाही याची खात्री करायची (खात्री कशी, ते सातव्या टप्प्यात). सगळे एमसीबी बंद, सगळे प्लग काढलेले, सगळी बटणं बंद. न्यूट्रल लिंकमधून सोडवून एकमेकांपासून अलग. आता ज्या सर्किटचा न्यूट्रल शोधायचाय, तिथल्या सॉकेटला जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावलेला होल्डर जोडून बटण चालू करा. दिव्यांचं सर्किट असेल तर तोच बल्ब एखाद्या होल्डरमध्ये लावा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक त्या सर्किटच्या फेजला आणि दुसरं टोक एकेका न्यूट्रलला लावत जा. थंड बल्बचा रोध साधारण ४० ओहम असतो. जिथे तेवढं दिसेल, ती जोडी. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, कारण मीटरच्या एवढ्याशा दाबावर त्याच्या ड्रायव्हरमधून काहीच वाहत नाही.

जोडी सापडली की फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्हींवर एकच नंबर चिकटवा. कागदी चिठ्ठी नको, ती गवंड्याच्या पाण्यात विरघळते. कापडी चिकटपट्टी आणि मार्कर वापरा, किंवा छापील नंबरची कडी. मग सगळे न्यूट्रल परत लिंकवर घट्ट बसवा, जुना बोर्ड अजून चालवायचाय.

तपासा: एकाच न्यूट्रलवर दोन फेजचे दिवे सापडले का? पॅसेजमधल्या दोन ठिकाणच्या बटणांच्या दिव्यात हे हमखास असतं. असेल तर ती दोन्ही सर्किटं एकाच एमसीबीवर घ्या, किंवा स्वतंत्र न्यूट्रल ओढा. माझ्या एका कामात बाल्कनीच्या दिव्याने बेडरूमचा न्यूट्रल उसना घेतला होता. संध्याकाळी दिवा लावला की आरसीसीबी पडायची. मालकांनी कोणाकडून तरी आरसीसीबीच बायपास करून घेतली, आणि मी जाईपर्यंत ते घर तीन महिने तसंच होतं.

तारांचे रंग बघून काही ठरवू नका. लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, हा संकेत नवीन कामासाठी. जुन्या घरात मी हिरव्या तारेत फेज पाहिलेली आहे.

टप्पा ४: तारा नव्या ओढायच्या की वाढवायच्या?

उत्तम म्हणजे डीबीपासून पॉइंटपर्यंत अख्खी नवी तार. पण आपल्याकडच्या इमारतींत पाईप स्लॅबमधून गेलेले असतात आणि ते जुन्या डीबीच्या डोक्यावरच उतरतात. स्लॅब फोडता येत नाही. म्हणून व्यवहारात बहुतेक सर्किटं वाढवावीच लागतात. वाढवण्यात गैर काही नाही, जोड कसा आणि कुठे, यावर सगळं अवलंबून आहे.

"लांबी वाढली, आता जाड तार लागेल का?" हा प्रश्न नेहमी येतो. हिशेब करा. २.५ चौ. मिमी तांब्याची तार, सात मीटर जास्त, म्हणजे जाऊन-येऊन १४ मीटर. त्याचा रोध सुमारे ०.१ ओहम. १६ अँपिअरला दाब जेमतेम १.६ व्होल्ट घटतो. २३० मध्ये हे काहीच नाही. आता पिळून टेप गुंडाळलेला एक सैल जोड घ्या. त्याचा रोध अर्धा ओहम धरला, तर त्याच १६ अँपिअरला तिथे १२८ वॉट उष्णता तयार होते, प्लास्टरच्या आत, एका बोटाएवढ्या जागेत. घरं लांबीमुळे जळत नाहीत, असल्या जोडांमुळे जळतात.

म्हणून:

- जोड फक्त झाकण असलेल्या पेटीत, आणि ते झाकण कायम उघडता आलं पाहिजे. प्लास्टरच्या आत, टाईलच्या मागे किंवा पाईपच्या पोटात जोड नको.
- जुन्या जागी झाकणाची पेटी राहणार, हे आधीच मान्य करा. भिंतच जाणार असेल, तर स्लॅबमधून उतरणारे पाईप छतालगतच्या पेटीत थांबवा. फॉल्स सीलिंग होणार असेल तर तिथे उघडता येणारी झडप ठेवायला सुताराला सांगा. झडप नसेल तर ती पेटी पुरल्यासारखीच.
- जोड चांगल्या कनेक्टरने किंवा क्रिम्प करून (धातूची नळी दाबून). पिळून टेप लावलेला चालणार नाही.
- वाढीव तार जुन्या तारेपेक्षा बारीक कधीच नको. गिझर-एसीला ४ असेल तर पुढेही ४.
- जुनी तार ॲल्युमिनिअमची असेल तर तांब्याशी थेट पिळू नका. दोन्ही धातूंसाठी बनवलेला लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा) किंवा कनेक्टर लागतो, नाहीतर तो जोड काही वर्षांत काळा पडून सैल होतो. खरं तर अशी तार सापडली तर ते सर्किट नव्यानेच ओढा.
- एका सर्किटची फेज, न्यूट्रल आणि अर्थ एकाच पाईपमधून जायला हवी.

मीटरकडून येणाऱ्या मेन तारेचा नियम मात्र वेगळा: तिला जोड नको. सात मीटर कमी पडते म्हणून मेनला तुकडा जोडणं मला मान्य नाही. मीटर रूमपासून नवीन डीबीपर्यंत अखंड तार ओढा. ३२ अँपिअरच्या मेन एमसीबीला ६ चौ. मिमी तांबं साधारणपणे पुरतं. ४० ची एमसीबी असेल तर १० घ्या. सूत्र सोपं आहे: भार एमसीबीपेक्षा कमी आणि एमसीबी तारेच्या क्षमतेपेक्षा कमी. एमसीबी तारेला वाचवायला असते. "सारखी पडते" म्हणून १६ काढून ३२ बसवली, तर आता एमसीबीच्या आधी तार वितळेल.

टप्पा ५: झिरी, पाईप, पेटी

हा भाग गवंडी आणि वायरमन दोघांनाही जमतो, म्हणून थोडक्यात सांगतो.

झिरी (पाईपसाठी भिंतीत मारलेली खाच) सरळ उभी किंवा सरळ आडवी मारायची. तिरकी मारली की अंतर वाचतं खरं, पण पाच वर्षांनी कोणीतरी फोटो-फ्रेमसाठी ड्रिल मारतं आणि थेट पाईपमध्ये जातं. २५ मिमी पाईपात तीनपेक्षा जास्त सर्किटं कोंबू नका. तारा एकमेकींना तापवतात आणि पुढे एखादी बदलायची झाली तर ओढताच येत नाही. आठ सर्किटांना तीन पाईप, मेनला वेगळा आणि एक पाईप रिकामा. तो रिकामा पाईप पुढे कधी इन्व्हर्टर किंवा गाडीच्या चार्जरची तार ओढायची झाली की उपयोगी पडतो.

पाईपांच्या तोंडात कागदाचे बोळे आणि पेटीवर पुठ्ठा लावल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नका. सिमेंटने बुजलेला पाईप म्हणजे भिंत पुन्हा फोडणं.

तपासा: प्लास्टरच्या आधी प्रत्येक झिरीचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. जमीन आणि कोपऱ्यापासूनचं अंतर फोटोत दिसलं पाहिजे.

या सगळ्या दिवसांत जुना डीबी चालूच असतो. घरात दिवे आहेत, फ्रिज चालू आहे, कोणाचं काही अडलेलं नाही. मात्र जुन्या डीबीच्या आसपास कटर चालवायचा असेल, तर तेवढ्या वेळापुरता मेन बंद.

टप्पा ६: नवीन पेटी पूर्ण भरा

प्लास्टर वाळल्यावरच तारा ओढा. पेटीत प्रत्येक तारेला निदान दीड-दोन फूट टोक सोडा. सहा इंचांत तार वळवायची कसरत करताना तारेचे पदर तुटतात.

भरण्याचा क्रम असा: दोन पोलचा मेन स्विच किंवा एमसीबी, मग ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, मग सर्किटांच्या एमसीबी. आरसीसीबी गळती पकडते, जादा भार पकडत नाही. त्यामुळे ४० अँपिअरच्या आरसीसीबीच्या आधी ४० किंवा त्याहून कमीची एमसीबी हवीच. जमलं तर दोन आरसीसीबी घ्या, म्हणजे गिझरची गळती झाली तरी घरातले दिवे राहतील. प्रत्येक आरसीसीबीला स्वतःची न्यूट्रल लिंक. आणि इन्व्हर्टरच्या सर्किटांना तिसरी, पूर्ण वेगळी. ती मिसळली की इन्व्हर्टर नुसता ओरडत बसतो.

बहुपदरी तारेला पिन लग लावा. पदर भोकात मावत नाहीत म्हणून चार कापून टाकायचे, हा प्रकार मी परवाना असलेल्यांकडूनही पाहिलाय. एका भोकात एक तार. स्क्रू आवळला की तार हाताने खेचून बघा, प्रत्येक तार. "आवळलंय हो" हे शब्द पुरेसे नाहीत.

नव्या ओढलेल्या तारांची मेगर चाचणी (तारेच्या आवरणाचा रोध मोजणारी) आत्ताच करा, जुन्यांशी जोडण्याआधी. ५०० व्होल्ट डीसीवर रोध किमान १ मेगओहम हवा. नव्या तारेला तो कैक पटींनी जास्त येतो. २ किंवा ३ आला तर "पास" म्हणून पुढे जाऊ नका, कुठेतरी सालपट निघालंय.

टप्पा ७: बदलाचा दिवस

सकाळी नऊला सुरुवात करा. उन्हाचा उजेड लागतो, आणि दुकानं उघडी लागतात. टाकी आधी भरून ठेवा. फ्रिज दिवसभर उघडायचा नाही. घरात कोणी ऑक्सिजन यंत्रासारख्या उपकरणावर असेल तर त्यांची सोय दुसरीकडे करा.

१. इन्व्हर्टर बंद करा आणि बॅटरीची तार सोडवा. बटण बंद करणं पुरेसं नाही. मेन गेली की इन्व्हर्टर आपण होऊन घराला वीज देऊ लागतो, त्याचं कामच ते आहे. मेन बंद केली म्हणून निर्धास्त हात घालणाऱ्याला धक्का इथूनच बसतो.

२. छतावर सोलर असेल तर त्याचे एसी आणि डीसी दोन्ही स्विच बंद. पॅनेलपासून डीसी स्विचपर्यंतच्या तारेत उन्हात वीज असतेच, तिला हात नाही.

३. मीटर रूममधला तुमचा मेन बंद करून कुलूप लावा आणि पाटी अडकवा: "काम चालू आहे, चालू करू नये", खाली फोन नंबर. एका सोसायटीत आम्ही पाटी लावली होती, कुलूप नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी "आमची लाइट गेली" म्हणून तक्रार केली आणि वॉचमनने जे जे बंद दिसलं ते सगळं वर केलं. माझा हात त्या वेळी चहाच्या कपावर होता, म्हणून हे लिहितोय. तेव्हापासून कुलूप, आणि किल्ली माझ्या खिशात.

४. पुरवठा नाही याची खात्री तीन पायऱ्यांत करा. मल्टिमीटर आधी चालू असलेल्या पॉइंटवर (शेजाऱ्यांचा चालेल) लावून तो चालतोय हे बघा. मग आपल्या बोर्डावर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा. मग पुन्हा चालू पॉइंटवर जाऊन मीटर अजून चालतोय हे बघा. बॅटरी संपलेला मीटरही शून्यच दाखवतो. आणि खिशातला निऑन टेस्टर यासाठी नाहीच. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून लावला तर तो पेटेलच असं नाही.

५. आता जुना बोर्ड सोडवायला घ्या, एका वेळी एक सर्किट. नंबर एकची फेज, न्यूट्रल, अर्थ सोडवली, जोडपेटीत नंबर एकच्या वाढीव तारांना जोडली, खेचून बघितली, वहीत टिक केली, मग नंबर दोन. आठही सोडवून तारांचा झुपका करू नका.

६. शेवटी मीटर रूममध्ये नवीन मेन तार जोडा. आधी अर्थ, मग न्यूट्रल, मग फेज. मेन अर्थची तार नवीन डीबीपर्यंत आली पाहिजे. जुन्या जागीच राहिलेली अर्थ ही मला वर्षातून दोन-तीनदा सापडते. दिवे लागतात, सगळं चालतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

सावधान, थ्री फेजवाल्यांना: न्यूट्रल सगळ्यात आधी आणि सगळ्यात घट्ट बसवा, आणि सोडवताना सगळ्यात शेवटी. तिन्ही फेज चालू आणि न्यूट्रल सैल असेल, तर घरातल्या काही पॉइंटवर २३० ऐवजी ४०० च्या जवळ दाब जाऊ शकतो. टीव्ही, फ्रिज, राउटर एका सेकंदात जातात. शिवाय थ्री फेज पंप असेल तर फेजचा क्रम आधी टिपून ठेवा, नाहीतर मोटर उलटी फिरेल.

टप्पा ८: चालू करण्याआधी आणि नंतर

आधी बंद अवस्थेत. सगळी उपकरणं काढून, बल्ब काढून प्रत्येक सर्किटला मेगर. एलईडी दिवे, रेग्युलेटर, वायफायची बटणं जोडलेली राहिली तर मेगरच्या ५०० व्होल्टने खराब होतात. काढता येत नसतील, तर फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून फक्त अर्थशी मोजा. मग प्रत्येक तीन पिनी सॉकेटच्या अर्थपासून डीबीच्या अर्थ लिंकपर्यंत सलगता तपासा, एकही न सोडता.

मग चालू करा. सगळ्या एमसीबी खाली. मीटर रूममधला मेन, मग डीबीचा मेन, मग आरसीसीबी. इथे फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोन-चार व्होल्ट दिसायला हवं. न्यूट्रल-अर्थ त्याहून जास्त असेल तर थांबा आणि आधी अर्थ व न्यूट्रल तपासा. आता एकेक एमसीबी वर करा.

आरसीसीबी पडली तर ती कधी पडली यावरून दोष कळतो. काहीही चालू नसताना, नुसती एमसीबी वर करताच पडली, तर फेजची गळती. सगळ्या एमसीबी खाली असतानाही राहत नसेल, तर न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी चिकटलेत. एखादं उपकरण किंवा दिवा लावल्यावरच पडत असेल, तर न्यूट्रलची अदलाबदल. वही उघडा, तिसऱ्या टप्प्यावर या.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती लगेच पडायला हवी. मात्र हे बटण फक्त यंत्र चालतंय एवढंच सांगतं, घरची अर्थिंग नीट आहे का हे नाही. वायरमनकडे आरसीसीबी टेस्टर असेल तर तो सॉकेटवर लावून घ्या.

शेवटी भार. गिझर, एसी, इस्त्री एकत्र चालू करून तासभर ठेवा. मग एमसीबीच्या प्लास्टिकवर आणि जोडपेटीच्या झाकणावर हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल किंवा जळका वास असेल, तर लगेच बंद आणि तो स्क्रू उघडा.

टप्पा ९: जुनं काढा, कागद करा

आता कुठे जुनी पेटी भिंतीतून निघते. वापरात नसलेल्या तारा दोन्ही टोकांना सोडवून ओढून काढा. निघत नसतील तर दोन्ही टोकांना बंद कनेक्टर आणि "बंद" अशी चिठ्ठी. एक टोक जोडलेलं आणि दुसरं भिंतीत मोकळं, असं ठेवू नका. नवीन पेटीत एमसीबीची रिकामी भोकं प्लेटने बुजवा, पाली शिरतात.

दाराच्या आतल्या बाजूला तक्ता लावा, तुमच्या घरात जी भाषा बोलली जाते त्या भाषेत. "एल १, पी २" लिहून कोणाला कळत नाही. "आजींची खोली, पंखा-दिवे" असं लिहा. बेलचं सर्किटही त्यात आलं पाहिजे.

ठेकेदाराकडून त्याच्या परवाना क्रमांकासह टेस्ट रिपोर्ट मागा, मेगरचे आकडे लिहिलेला. नुसत्या "ओके"च्या खुणा घेऊ नका. झिरीचे फोटो, सर्किटांची वही आणि हा रिपोर्ट एकाच पाकिटात ठेवा. घर विकताना नाही लागलं तरी पुढचा वायरमन दुवा देईल.

पूर्ण पैसे देण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: पंधरा दिवसांनी वायरमन परत येईल. तांब्याचे पदर दाबाखाली बसतात आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला स्क्रू पाव फेरा सैल होतो. मेन बंद करून, खात्री करून, डीबीचा आणि जोडपेटीचा प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यासाठी थोडे पैसे हातचे राखून ठेवा, नाहीतर फोन उचलला जात नाही.